‘कमी तेल टाका’ सांगून भागत नाही: नाशिकच्या एका फिरत्या विक्री प्रतिनिधीचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे ते ४४ वर्षांचे गृहस्थ द्राक्षबागांना लागणारी औषधं आणि खतं विकणाऱ्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी आहेत. घर इंदिरानगरला, कामाचा पट्टा दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड आणि थेट चांदवडपर्यंत. सकाळी आठला गाडी निघते, परत यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. मधलं सगळं खाणं बाहेर, बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्रांच्या दुकानदारांसोबत. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुलैमध्ये ते आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आले, तेव्हाचे आकडे असे होते. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २९. भारतीयांसाठी २५ पासून पुढे स्थूलपणा धरतात. कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर. पुरुषांसाठी मर्यादा ९०. उपाशीपोटी साखर ११८, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.३. मधुमेहाची रेषा ६.५ ला आहे, म्हणजे ते मधुमेहपूर्व अवस्थेच्या अगदी वरच्या टोकाला उभे होते. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स २६८ (१५० च्या आत हवीत), एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३६, यकृताची एसजीपीटी तपासणी ६२. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती. रक्तदाब १३८/८८. वडिलांना मधुमेह. साखरेची किंवा रक्तदाबाची एकही गोळी तेव्हा सुरू नव्हती.

फाइलमधल्या कागदावर औषधांच्या जागी एकच ओळ होती: बाहेरचं खाणं पूर्ण बंद.

ही ओळ मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. घरी राहणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण ज्याचा धंदाच दुकानदारासोबत बसून मिसळ खाता खाता होतो, त्याच्यासाठी तो सल्लाच नव्हे. या गृहस्थांनी आधी दोनदा डबा सुरू केला होता. डबा गाडीत राहायचा, दुपारी दुकानदार म्हणायचा, ‘चला साहेब, जेवून घेऊ’, आणि संध्याकाळी आंबलेली भाजी घेऊन डबा घरी परत. घरात त्यावरून वाद. शेवटी डबा बंद झाला आणि मनात एक पक्कं बसलं की आपल्याला हे जमणारच नाही. माझ्यासमोर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच.

वहीतला चौथा रकाना

मी त्यांना आठवडाभर वही लिहायला सांगितली. वेळ, ठिकाण, काय खाल्लं हे नेहमीचे तीन रकाने, आणि चौथा: मागवलं कोणी? या चौथ्या रकान्याने पुढचं बरंचसं काम केलं.

त्यांची स्वतःची समजूत होती की खरा घोटाळा रविवारचा आहे. रविवारी रात्री बायको-मुलांना घेऊन गंगापूर रोडवर हॉटेलात जेवण, पनीर बटर मसाला, नान, मुलांसाठी मंचुरियन, वर आइस्क्रीम. ‘मॅडम, तो एक रविवार सोडला तर मी तसा साधाच खातो.’ वही वेगळं सांगत होती. सोमवार ते शनिवार दुपारचं जेवण ढाब्यावर. आठवड्यातून तीन-चार सकाळी मिसळ. रोज संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास कचोरी, वडापाव किंवा समोसा. आणि चहा. दुकानात शिरलं की चहा, बागेतून परत आलं की चहा, बिल निघेपर्यंत चहा. दिवसाला सात कटिंग. एका कटिंगात दीड चमचा साखर धरली तरी दिवसाला दहा चमचे, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. हा मिठाई न खाणारा माणूस फक्त चहातून त्याच्या दुप्पट साखर घेत होता.

रविवारचं जेवण जड होतंच, पण आठवड्याच्या एकवीस वेळांमधली ती एक वेळ. तिच्यावर सगळा अपराधीपणा खर्च होत होता आणि बाकीच्या दहा-बारा वेळा नजरेतून सुटत होत्या. बाहेर खाणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. कपडे करून, ठरवून, कुटुंबासोबत गेलेलं ‘हॉटेलात जेवण’ लक्षात राहतं. उभ्या उभ्या खाल्लेली कचोरी लक्षात राहत नाही.

ढाब्याच्या भटारखान्यात

तेल कमी टाका, असं ते आधीपासून सांगत होते. महामार्गावरच्या एका ढाब्यावर त्यांचं रोजचं येणं-जाणं, मालक ओळखीचे. तरी ताटात फरक दिसत नव्हता. म्हणून मी एका दुपारी त्यांच्यासोबत तिथे गेले आणि मालकांना भटारखाना दाखवायची विनंती केली. त्यांनी आनंदाने दाखवला.

कट्ट्यावर तीन मोठी पातेली होती. एकात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात काजू आणि मगजबीची पांढरी, तिसऱ्यात तळलेला कांदा, खोबरं आणि काळ्या मसाल्याचं वाटण परतून ठेवलेलं. सगळं सकाळी सातला शिजलेलं. तेल सढळ हाताने घातलेलं, कारण तेल सुटेपर्यंत परतलं नाही तर ग्रेव्ही दुपारपर्यंत टिकत नाही. मीठही तेव्हाच पडतं. ऑर्डर आली की आचारी कढईत दोन पळ्या ग्रेव्ही घेतो, त्यात पनीर, शेव किंवा शिजवून ठेवलेल्या भाज्या टाकतो, एक उकळी आणतो, वरून तर्री किंवा बटर सोडतो आणि चार मिनिटांत प्लेट बाहेर. शेवभाजीत तर जाडी शेव आधीच तळलेली, ती वाढताना पडते.

मालक म्हणाले, ‘ताई, साहेब कमी तेल म्हणतात तेव्हा आम्ही वरची तर्री घालत नाही. पण ग्रेव्हीतलं तेल मी आता कुठून काढू?’

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं तोवर त्याच्या जेवणातल्या बऱ्याच गोष्टी ठरून गेलेल्या असतात. त्या बदलायला सांगणं म्हणजे वेटरला नाइलाजाने ‘हो साहेब’ म्हणायला लावणं. काही गोष्टी मात्र तेव्हाही मोकळ्या असतात. कोणत्या मोकळ्या आणि कोणत्या बंद, एवढं कळलं की काय मागायचं ते कळतं.

म्हणून मी मालकांना उलटं विचारलं: रिकाम्या कढईपासून काय काय सुरू होतं? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. अंडा भुर्जी. पिठलं. डाळीची फोडणी, कारण डाळ नुसती हळद-मिठात शिजलेली असते आणि फोडणी ऑर्डरनंतर पडते. वांग्याचं भरीत, कारण वांगी सकाळी भाजून ठेवतात पण परततात मागणीनंतर. मेथी, तीही ऑर्डर आल्यावर तव्यावर पडते. तंदुरी चिकन, त्याला मसाला लावून ठेवलेला असतो पण तेल जवळपास नाही, फक्त वाढताना बटर फिरवतात. भाकरी, बाजरीची आणि ज्वारीची. ‘यात तुम्ही एक चमचा म्हणाल तर एकच चमचा पडेल,’ मालक म्हणाले. ‘भुर्जी करायला आचाऱ्याला दोन मिनिटं जास्त लागतील, बाकी काही नाही.’

म्हणजे त्या ढाब्यावर बरं जेवण मिळत नव्हतं असं नाहीच. फक्त ते मेनूच्या शेवटच्या पानावर होतं आणि कुणी मागवत नव्हतं. मेनूच्या पहिल्या पानावर शाही, कोल्हापुरी, बटर, मखनी. शेवटच्या पानावर पिठलं-भाकरी, तीही ‘साधं’ म्हणून. चार माणसांत साधं मागवायला संकोच वाटतो हा खरा अडसर आहे, आणि तो तेलापेक्षा मोठा आहे. त्याच्याकडे पुढे येते.

आमचं ठरलं ते असं. दुपारी भुर्जी किंवा साधी डाळ किंवा पिठलं यांपैकी एक, सोबत भरीत किंवा मेथी, एक बाजरीची भाकरी, कांदा-काकडी, भाजका पापड, तोही रोज नको. रोटी घेतली तर ‘बटर लावू नका’ हे ऑर्डर देतानाच सांगायचं, कारण बटर सगळ्यात शेवटी लागतं आणि ते थांबवता येतं. आठवड्यातून एकदा शेवभाजी, हाफ प्लेट, तर्री न घालता. ती पूर्ण बंद करायची गरज मला वाटली नाही, आणि बंद करायला सांगितली असती तर तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटलं असतं.

भाकरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे फार जण फसतात. ढाब्यावरची भाकरी मोठी असते, एका भाकरीला पाऊण-एक मूठ नव्हे, चांगलं ओंजळभर पीठ लागतं. तिच्यात मैदा नाही, तंतू जास्त आहेत, पोट भरल्यासारखं लवकर वाटतं, हे सगळं खरं. पण भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढणारच. एक, फार तर दीड.

जेवणाचा क्रमही बदलला. न्यू यॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहींनी भाज्या आणि प्रथिनं आधी आणि पाव-रस नंतर घेतला तेव्हा जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. जेवण तेच, फक्त क्रम वेगळा. त्यामुळे कांदा-काकडी आणि अर्धी भुर्जी आधी, भाकरी मागाहून. ढाब्यावर हे सोपं आहे, कारण भाकरी तशीही उशिरा येते. तोवर मधल्या वेळात मसाला पापड आणि शेंगदाण्याची बशी रिकामी करायची सवय तेवढी मोडावी लागली.

आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. आधी ते जेवण झालं की दुकानाच्या गल्ल्याशी बसून हिशेब बघायचे आणि ऊन उतरल्यावर बागेत जायचे. क्रम उलटा केला: बागेची फेरी जेवणानंतर लगेच, हिशेब त्यानंतर.

मिसळीचं दुकान

नाशिकमध्ये माणसाला मिसळ सोडायला सांगणारा आहारतज्ज्ञ टिकायचा नाही, आणि सांगायचं कारणही नाही. ढाबा पाहून आल्यावर माझ्या लक्षात आलं की बाहेर मिळणाऱ्या पदार्थांत मिसळीइतका मोकळा पदार्थ दुसरा नाही. ती आपल्या डोळ्यांसमोर जुळवली जाते. मटकी वेगळी, फरसाण वेगळं, रस्सा वेगळा, पाव वेगळा, दही वेगळं, कांदा-लिंबू वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच ठिकाणी तर ताटात या सगळ्याच्या स्वतंत्र वाट्याच येतात. प्रत्येक वाटीला हो किंवा नाही म्हणता येतं.

त्यांची नेहमीची मिसळ मी अंदाजाने मोजली. मूठ-दीड मूठ फरसाण, साधारण ६० ग्रॅम: ३३० कॅलरी. तीन पाव: ३७५. रस्सा मागून मागून तीन वाट्या, त्यात मिळून सहा-सात चमचे तरी तेल: २७० च्या वर. मटकी जेमतेम अर्धी वाटी: ७५. शेवटी गुलाबजाम किंवा जिलेबी: १५०. तळलेला पापड सोडूनही १,२०० कॅलरी, सकाळी साडेनऊला. यात मटकी सर्वांत कमी आणि फरसाण, पाव, तेल सर्वांत जास्त. मिसळ वाईट ठरते ती या प्रमाणामुळे.

मग प्रमाण फिरवलं. मटकी दुप्पट, एक भरलेली वाटी. फरसाण फक्त दोन चमचे, तेही शेवटी, कुरकुरीत राहावं म्हणून. एक पाव. दही. भरपूर कांदा आणि लिंबू. पापड आणि गोड नको. रस्सा एकच वाटी.

रस्स्याबद्दल एका दुकानातल्या वाढणाऱ्या दादांनी त्यांना शब्द शिकवला: ‘खालचा रस्सा’. मोठ्या पातेल्यात तर्री वर तरंगत असते. पळी वरवर फिरवली की वाटीत निम्मी तर्री येते. पळी आत बुडवून, थोडी थांबून वर काढली की खालचा मसालेदार, पातळ रस्सा येतो. चव तीच, जाळ तोच, तेल बरंच कमी. ‘दादा, खालचा द्या’ एवढं म्हटलं की पुरतं. ज्या दुकानांत तर्री वेगळ्या भांड्यात ठेवतात तिथे तर प्रश्नच नाही.

अशी मिसळ ५०० ते ५५० कॅलरींच्या घरात बसते आणि मटकी-दह्यामुळे प्रथिनंही बरी मिळतात. दुपारपर्यंत भूक लागत नाही. हे सगळे अंदाज आहेत, दुकानागणिक फरक पडणार. पण निम्म्याहून अधिक घट ही काही अंदाजातली चूक नाही.

अनलिमिटेड रस्सा हे मात्र जपून. फुकट आहे म्हणून दुसरी वाटी येते, ती वाटी संपवायला पाव येतो, पाव उरला म्हणून पुन्हा रस्सा. हे चक्र तोडायला त्यांनी एक युक्ती केली: मिसळ समोर आली की पाव बाजूला ठेवायचा आणि अर्धी मटकी चमच्याने खाऊन झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मागवतं कोण

आता चौथा रकाना. मला वाटलं होतं तिथे सगळीकडे दुकानदारांची नावं असतील. वही उघडली तर जेवणाच्या बहुतेक ओळींपुढे ‘मी’ लिहिलेलं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. खुलासा सोपा होता: बिल कंपनीच्या खर्चातून ते देत असत, म्हणून वेटर त्यांच्याकडेच बघायचा. आणि बिल आपण देणार म्हटल्यावर पाहुणचारात कमी दिसू नये म्हणून ते सगळ्यांसाठी भरघोस मागवत, दोन भाज्या जास्तच. ‘दुकानदार आग्रह करतात’ ही तक्रार अर्धीच खरी होती. आग्रहाची सुरुवात त्यांच्याकडून होत होती.

यात मोठी सोय दडलेली आहे. जो बिल देतो तोच ऑर्डर देतो, त्यामुळे टेबलावर काय येणार हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी पथ्य जाहीर करणं सोडलं. ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हटलं की टेबलावरचा प्रत्येक जण कारल्याच्या रसापासून जांभळाच्या बीपर्यंत उपाय सांगतो, आणि वर ‘एका दिवसाने काय होतंय साहेब’ हे आलंच. त्याऐवजी ते बसल्या बसल्या, कुणी मेनू उघडायच्या आत सांगू लागले: ‘दादा, एक भुर्जी, एक भरीत, भाकऱ्या गरम येऊ द्या, कांदा-काकडी आधी आणा. भाऊ, तुम्हाला शेवभाजी सांगू ना?’ समोरच्याचा मान राहिला, त्याला हवं ते मिळालं, आणि भुर्जी-भरीत टेबलावर आल्यामुळे बाकीचेही त्यात हात घालू लागले. चांदवडकडचे एक दुकानदार तर पुढे स्वतःच भरीत सांगू लागले.

ज्या जेवणांपुढे दुकानदाराचं नाव होतं तिथे वेगळा मार्ग लागला. शेतकऱ्याच्या घरचं जेवण असेल तर काळजीच नाही. बाजरीची भाकरी, भाजी, ठेचा, यापेक्षा चांगलं ताट ढाब्यावर मिळणार नाही. आग्रहाच्या वाढणीला ‘पुरे’ म्हणून भागत नाही, हात ताटावर आडवा धरावा लागतो. आणि ताटात शेवटचा घास मुद्दाम शिल्लक ठेवून सावकाश खायचा, कारण रिकामं ताट दिसलं की वाढणारा थांबत नाही. आपल्याकडच्या पाहुणचाराची ही रीत आहे, तिच्याशी भांडून उपयोग नाही.

चहा आणि साडेपाचची भूक

चहा सातवरून तीनवर आणला, दुकानात शिरतानाचा ठेवला, बाकीच्या वेळी पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा. पहिले दोन आठवडे डोकं दुखलं, मग जमलं. फार सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळची भूक जास्त चिवट निघाली. दुपारी दोनला जेवलेल्या माणसाला रात्री दहापर्यंत काहीच न मिळाल्यावर साडेपाचला कचोरी दिसणारच. शिवाय तळणाचं तेल किती वेळा वापरलं आहे हे गिऱ्हाइकाला समजायला मार्ग नाही. तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे, पण ते प्रमाण मोजायला यंत्र लागतं. काळपट, चिकट, फेस येणारं तेल दिसलं तर निघून जायचं एवढंच आपल्या हातात.

मी फुटाणे गाडीत ठेवायला सांगितले. आठवडाभर ठेवले, मग संपले आणि पुन्हा आणायचं राहून गेलं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पिंपळगावच्या वाटेवर एक भट्टीवाला आहे, त्याच्याकडून रोज दहा-वीस रुपयांचे गरम फुटाणे-शेंगदाणे घ्यायचे. विकत घेऊन खाण्याची सवय तशीच राहिली, फक्त टपरी बदलली. हंगामात कुणी बागेतली द्राक्षं पुढे केली तर पंधरा-वीस मणी खावेत, पेटी मांडीवर घेऊन बसू नये.

श्रावणात सोमवारचा उपवास होता. उपवासाला बाहेर मिळतो तो साबुदाणा वडा: जवळपास निव्वळ पिष्ट, वरून तळलेलं. साखरेच्या दृष्टीने त्यापेक्षा भगर, दही, शेंगदाणे आणि एखादं फळ बरं, आणि ते घरून न्यावं लागतं. सोमवारपुरता डबा त्यांनी नेला.

रविवार

रविवार मी सोडून देणार होते, पण त्यांच्या पत्नीने विषय काढला आणि बरं केलं. मुलं १४ आणि १० वर्षांची, त्यांच्याही सवयी इथेच घडतात. चौघांत मिळून एकच ग्रेव्हीची भाजी, एक तंदूरमधला पदार्थ, एक साधी डाळ. स्टार्टर तळलेला नको. पनीर टिक्का किंवा तंदुरी चिकन हाच स्टार्टर. कोल्ड्रिंक नाही: ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे आणि थोडी वर. आइस्क्रीम दोन कपांत चौघं.

मुलांना कधी मोठ्या साखळीतला पिझ्झा हवा असतो. अशा वेळी मेनूवरचे आकडे वाचायला शिकवलं. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना १ जुलै २०२२ पासून प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. थोरल्या मुलीला यात रस वाटला. ती आता मोठ्याने वाचून दाखवते, आणि ‘एका सर्व्हिंगची’ कॅलरी म्हणजे अख्ख्या पिझ्झ्याची नव्हे, हेही तिनेच वडिलांना सांगितलं.

सहा महिन्यांत काय झालं

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वजन ८० किलो होतं. मग द्राक्षांची छाटणी सुरू झाली. हा त्यांच्या धंद्याचा सर्वांत धावपळीचा काळ. रोज बागा, रोज दुकानदारांच्या बैठका, रात्री उशिरापर्यंत. त्यातच दिवाळी. नोव्हेंबरअखेर वजन ८१.५. मिसळ आणि दुपारचं जेवण बऱ्यापैकी टिकलं होतं. घसरण रात्रीच्या बैठकांत झाली. त्या बैठकांत दारू असते आणि सोबत चकली, मसाला पापड, खारे शेंगदाणे, तळलेलं चिकन. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, ही एक बाब. त्याहून महत्त्वाचं हे की ज्याची ट्रायग्लिसराइड्स चढलेली आहेत आणि यकृतावर चरबी आहे, त्याच्यासाठी दारू हे थेट भर घालणं आहे. मी हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं.

जानेवारीतले आकडे: वजन ८०, घेर ९७, एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड्स १८४, एसजीपीटी ४४. रोजचा डबा न नेता, ढाबा न सोडता, मिसळ न सोडता. मला या प्रकरणातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण जुलैत त्यांना खात्री होती की बाहेर जेवणाऱ्याला सुटका नाही.

रक्तदाब मात्र १३६/८६. जवळपास होता तिथेच. याचं कारण भटारखान्यातल्या त्या तीन पातेल्यांत आहे. तेल आपण पदार्थ बदलून टाळू शकतो, पाव-रोटीची संख्या कमी करू शकतो, पण हॉटेलातलं मीठ फार थोड्या ठिकाणी आपल्या हाती असतं. डाळीत ते शिजतानाच पडतं, मटकीत पडतं, रस्स्यात पडतं; ढाब्यावरच्या मसाला ताकातही असतंच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ ही मर्यादा. दोन वेळा बाहेर खाणाऱ्याची ती दुपारीच ओलांडली जाते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि ते योग्यच झालं. जेवणाने सगळं साधेल असा हट्ट धरून गोळी टाळत बसणारे खूप आहेत. तसं करू नये.

मीठ कमी करायची जागा घरचं जेवण हीच उरली. रात्रीच्या पानातून लोणचं, पापड, चटणी गेली, भाजीत मीठ निम्मं झालं. घरातल्या बाकीच्यांना ते अळणी लागतं, त्यावरून अजून कुरबूर आहे.

हे वाचून कुणी आपल्या जेवणात असे बदल करणार असेल तर एक सूचना. या गृहस्थांना साखरेची गोळी नव्हती. ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी पाव-भात-भाकरी एकदम कमी केली तर साखर खाली जाऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर. डॉक्टरांना विचारून, औषधाचा डोस तपासून मगच.

पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे, तेव्हाच खरड छाटणी, म्हणजे द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली छाटणी सुरू होईल. रात्रीच्या बैठकांचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. माझं म्हणणं दारू पूर्ण सोडावी, त्यांचं म्हणणं आठवड्यातून एकदा. तूर्त एवढं ठरलं आहे की बैठकीला जाण्याआधी सात वाजता घरून नेलेलं थालीपीठ आणि दही खायचं, उपाशीपोटी चकण्यासमोर बसायचं नाही, आणि बैठकीचं ठिकाण ते निवडणार असतील तेव्हा असा ढाबा निवडायचा जिथे रात्रीही तंदूर पेटलेला असतो.